लुमीरचा ट्रेलर उंच झाला

होलूब गावात तोंडावर 'नाही' म्हणायची रीत नाही. कुणाचं लोणचं घशाखाली उतरत नसेल तर "वेगळंच आहे हो" म्हणायचं. शेजाऱ्याने घराला जांभळा रंग फासला तर "लांबूनही दिसतं" म्हणायचं. नेब्रास्काच्या या कोपऱ्यात चेक लोकांनी येऊन शेतं केली त्याला चार पिढ्या झाल्या. भाषा विसरली, पण कोलाच्या, म्हणजे मधे गोड सारण भरलेले गोल पाव, भाजणं थांबलं नाही आणि ही रीतही सुटली नाही. ज्याला कळायचं त्याला बरोबर कळतं. लुमीर झूबेकला मात्र कळत नसे, आणि आपल्याला कळत नाही हे सत्तरी ओलांडली तरी त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी तो धान्य सोसायटीच्या कचेरीत आला, कॉफीचा पेला भरून घेतला आणि रोजच्या टोळक्यासमोर जाहीर करून टाकलं, "मी ट्रेलर उचलतोय."

"उचलून ठेवणार कुठे?" एर्विन कोटासने विचारलं. एर्विन त्याचा लहानपणापासूनचा मित्र. शेती अजून सोडलेली नव्हती, आणि गावातलं सगळ्यात मोठं यंत्रांचं शेड त्याचं होतं.

"चेष्टा पुरे. चांगला वीतभर वर घेणार. स्प्रिंगचे पाटेही नवे, जाड. शॉकॲब बसवणार. तुझं शेड लागेल मला."

"आणि माझं वेल्डिंग मशीन."

"आणि तू."

"मी कशाला हवा? मशीन हुशार आहे माझं."

कोपऱ्यातून डार्विन पॉस्पिशिलने घसा खाकरला. डार्विनने शाळेत मुलांना विज्ञान शिकवण्यात जन्म घालवला होता. निवृत्तीनंतर मुलं संपली, विज्ञान शिल्लक राहिलं, आणि ते तो आता सोसायटीत येऊन वाटे. "लुमीर, उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो. वाऱ्यात डोलेल."

"डोलू दे. तू नसशील आत."

ट्रेलर म्हणजे चाकांवरचं अख्खं घर होतं. झोपायची खोली, शेगडी, न्हाणी, अल्विनाचे पडदे. त्याची मान पुढे झुकून ट्रकच्या हौद्यात बसते आणि ट्रक त्याला ओढत नेतो. दर हिवाळ्यात, पहिला बर्फ पडायच्या आत, लुमीर आणि त्याची बायको अल्विना ते घर ओढत टेक्सासच्या दक्षिण टोकाला जात आणि मार्चात परत येत. जुना ट्रक होता तोवर सगळं सरळ होतं. गेल्या वर्षी लुमीरने नवा घेतला. चारही चाकांनी ओढणारा, काळाभोर, नाक वर केलेला. त्याचा हौदा इतका उंच की ट्रेलरची मान त्यात बसवली की पुढचं टोक आभाळाकडे आणि शेपूट जमिनीला. सगळा भार मागच्या चाकांवर.

मार्चात परतताना ओक्लाहोमात मागचं टायर फुटलं. त्या दणक्याने पाट्याची कडी तुटली, कपाटांची दारं उघडली आणि अल्विनाच्या आईची कणीक मळायची चिनीमातीची परात फरशीवर पडून तिचे तुकडे झाले. अल्विनाने तुकडे केराच्या सुपलीत भरले आणि म्हणाली, "असू दे." बाकी वाटेत ती फारसं बोलली नाही.

ऑगस्टात एका संध्याकाळी घेवड्याच्या शेंगा मोडता मोडता ती म्हणाली, "यंदा तू एकटाच जाऊन ये, लुमीर. मी इथेच बरी आहे."

लुमीरच्या हातातली शेंग हातातच राहिली. लग्न झाल्यापासून हे दोघं एका रात्रीपलीकडे वेगळे राहिले नव्हते, आणि ती एक रात्रसुद्धा थोरली लेक जन्मली तेव्हाची. अल्विनाशिवाय टेक्सास म्हणजे नुसतं ऊन. बरं, ही एकच गोष्ट असती तर वेगळं. वसंत ऋतूपासून ती त्याच्याबरोबर कुठेच येईनाशी झाली होती. शुक्रवारी गावच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असे, तिथे "तूच जा, माझ्यासाठी बांधून आण." रविवारी चर्चला ती शेजारच्या बर्नडीनच्या छोट्या गाडीतून जाई, आणि हा एकटाच आपला मोठा ट्रक घेऊन मागून. लोक बघत. लुमीर भ्याला होता. हिला आपला कंटाळा आला की काय, हा विचार त्याच्या डोक्यात एकदा आला तो जाईचना.

विचारणं सोपं होतं. तोंड उघडायचं आणि 'का?' म्हणायचं. पण लुमीरने सगळी नोकरी धान्याच्या कोठारावर मोटारी आणि पट्टे दुरुस्त करण्यात काढली होती. बिघडलं की खोलायचं, हा त्याचा एकमेव धर्म. अल्विना काही खोलता येत नव्हती. ट्रेलर येत होता. तेव्हा त्याने मनाशी पक्कं केलं की हिचं बिनसलं आहे ते त्या हादऱ्यांमुळे आणि परातीमुळे. ट्रेलर असा करायचा की आत पेल्यातलं पाणी हलणार नाही. मग बघू कशी येत नाही.

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते हे असं.

एर्विनच्या शेडमध्ये ट्रेलर घातला. कापणी उरकली होती, त्यामुळे जागाही होती आणि रिकामटेकडी माणसंही. होलूबमध्ये कुणी जॅक लावला की ती बातमी चर्चच्या घंटेआधी पसरते. दुपारपर्यंत चारपाच जण आपापली घडीची खुर्ची घेऊन हजर. डार्विन सगळ्यांत पुढे, गुडघ्यावर थर्मास ठेवून. हात काळे कोण करणार हे ठरलेलं होतं. बाकीच्यांनी तोंड चालवायचं.

"ॲक्सल उलटा करू नकोस हं," डार्विनने सुरुवात केली. "त्याला वरच्या बाजूला बारीकसा बाक असतो. माझ्या मेव्हण्याने आख्खा ॲक्सलच उलटा बसवला. चाकं अशी फेंगडी झाली, ट्रेलर बदकासारखा चालायचा."

"ॲक्सल नाही उलटा करत," ट्रेलरच्या पोटाखालून लुमीरचा आवाज आला. "आत्ता पाटे ॲक्सलच्या खालून आहेत, ते वरून घेणार. त्यासाठी ॲक्सलवर नव्या बैठका वेल्ड करायच्या. बाक आहे तिथेच राहणार."

"मेव्हणाही असंच म्हणाला होता."

"तुझा मेव्हणा तुझं ऐकत होता का?"

"शब्दन् शब्द."

"मग बरोबर."

एर्विन हसला आणि वेल्डिंगचा मुखवटा खाली घेतला. उंटावरचे शहाणे क्षणभर डोळे झाकून बसले.

लुमीर बसायला एक लाकडी स्टूल वापरत होता. बुटकं, हिरव्या रंगाचे पोपडे उडालेलं, एका पायाला हातभर सुतळी बांधलेली. एप्रिलमध्ये नवा ट्रक धुताना शेजारच्या सीटमागे ते त्याला सापडलं होतं. घरघर वाजत लोळत असे आणि नव्याकोऱ्या प्लास्टिकला ओरखडे पाडी. अल्विनाने कुणाच्या तरी जुन्या सामानाच्या विक्रीतून उचललं असणार, ती असलं काहीबाही आणते. लुमीरने ते त्याच दिवशी एर्विनच्या शेडमध्ये आणून टाकलं होतं.

"ह्याला दोरी कशाला?" एर्विनने एकदा स्टूल पायाने सरकवत विचारलं.

"कुणी कुत्रं बांधत असेल."

"स्टुलाला? कुत्रं स्टूल घेऊन पळेल की."

"मग भिंतीला टांगत असतील. मला काय माहीत? तो पाना दे इकडे."

त्या स्टुलावर बसून लुमीरने जुन्या कड्या कापल्या, ग्रीस भरायच्या भोकांचे नवे बोल्ट ठोकले, दोन्ही ॲक्सलच्या मधे हादरे गिळणारा रबरी तोल बसवला. नवे पाटे इतके जाड की एर्विन म्हणाला, "लेका, यावर घर ठेवणारेस की चर्च?" लुमीरला ते फार आवडलं. शॉकॲब बसले. चाकं चढली. जॅक सोडला तेव्हा ट्रेलर खाली येता येता मधेच थांबला आणि तिथेच राहिला, वीतभर उंच, सरळ, तोऱ्यात. ट्रक मागे घेऊन मान हौद्यात बसवली. लेव्हलच्या नळीतला बुडबुडा बरोबर मधोमध. लुमीरने तो बुडबुडा तीनदा बघितला.

एर्विनने हात पुसता पुसता सहज विचारलं, "अल्विनाने बघितलंय का हे?"

"नाही. तिला एकदम दाखवणार."

"पण तिला हे हवंय असं ती म्हणाली का?"

"म्हणायला कशाला हवं? परात फुटली ना तिच्या आईची."

एर्विनने पुसायचं फडकं खुंटीला अडकवलं. मग म्हणाला, "छान रंगवलेयत पाटे." होलूबमध्ये याचा अर्थ काय होतो ते एर्विनला माहीत होतं. लुमीर म्हणाला, "काळा एनॅमल."

परीक्षा आत अंडी ठेवून घ्यायची असं ठरलं. डार्विनची कल्पना, आणि कधी नव्हे ती चांगली. एर्विनच्या बायकोने अंडी दिली. लुमीरने ती ट्रेलरमधल्या जेवणाच्या टेबलावर नुसती, खोक्याशिवाय, एका टॉवेलवर मांडली. मग सगळा जथा आपापल्या गाड्यांतून मागे निघाला. खडीचा रस्ता, मग नाल्यावरचा उंचवटा, मग रेल्वेचं ते फाटक, जिथे गावातल्या प्रत्येकाने कधी ना कधी जीभ चावून घेतलेली आहे. परत आल्यावर दार उघडलं. एकही अंडं फुटलं नव्हतं. एक टॉवेलच्या कडेपर्यंत घरंगळलं होतं, तेवढंच. टोळक्याने टाळ्या वाजवल्या. लुमीरला त्या क्षणी आपण काहीतरी मोठं केलं असं वाटलं, आणि वाटणारच. त्याने हत्यारं आणि ते स्टूल ट्रकच्या हौद्यात टाकलं आणि ट्रेलर घेऊन घरी निघाला. वाटेत तो गाणं म्हणत होता.

अंगणात शिरताना त्याने भोंगा वाजवला. अल्विना बाहेर आली. हातात ताटली होती, खसखशीच्या कोलाच्या नुकत्याच भट्टीतून काढलेल्या.

"बघ," लुमीरने दोन्ही हात पसरले.

अल्विनाने बघितलं. पुढून बघितलं, मागून बघितलं. "रंगवलेयत पाटे," ती म्हणाली.

"एनॅमल आहे. अगं, अंडी ठेवली होती टेबलावर! मोकळी! फाटकावरून गेलो, एक नाही फुटलं. आता काही म्हणजे काही हलणार नाही आत. तुझी कपबशीसुद्धा नाही. चल, आत चल, दाखवतो."

अल्विना दारापाशी गेली. दाराच्या पायऱ्या ट्रेलरला जोडलेल्या. ट्रेलर वर गेला तशा त्याही मुकाट्याने वर गेल्या होत्या. लुमीरने ॲक्सल मोजला होता, हौदा मोजला होता, मान मोजली होती, पुलाखालची जागा मोजली होती. सगळ्यात खालची पायरी आता अल्विनाच्या गुडघ्याच्याही वर होती.

"उंच झालाय," अल्विना म्हणाली.

"हो ना!" लुमीर म्हणाला.

तिने ताटली त्याच्या हातात दिली. दांडी धरली, उजवा पाय उचलला, तो अर्ध्यात थांबला. खाली घेतला. डावा उचलून बघितला. तो तर उजव्याहून हट्टी. लुमीर एका हाताने ताटली सांभाळत दुसऱ्या हाताने तिला मागून आधार द्यायला गेला, तशी ती म्हणाली, "ढकलू नकोस रे, मी काय पोतं आहे?" आणि दांडी सोडून जमिनीवर नीट उभी राहिली. चेहरा लाल झाला होता. शेजारच्या घराच्या खिडकीत बर्नडीनचा पडदा हलला.

"थांब, थांब, आहे माझ्याकडे," म्हणत लुमीर हौद्याकडे धावला आणि ते हिरवं स्टूल घेऊन आला. सुतळी जमिनीवरून फरफटत होती.

अल्विना स्टुलाकडे बघतच राहिली.

"हे तुझ्याकडे होतं?"

"एर्विनच्या शेडमध्ये होतं. एप्रिलपासून. ट्रकात सीटमागे लोळत होतं गं, प्लास्टिकची पार वाट लावली."

"लोळत नव्हतं," अल्विना म्हणाली. "मी ठेवलं होतं."

"कशाला?"

ती पुढे आली. त्याच्या हातातून स्टूल घेतलं आणि ट्रेलरकडे पाठ करून ट्रकच्या दुसऱ्या बाजूला गेली. तिच्या बाजूचं दार उघडलं. स्टूल खाली मांडलं, सुतळीचं टोक मनगटाला गुंडाळलं. एक पाय स्टुलावर, हात वरच्या कडीला, मग कंबरेला एक लहानसा हिसका, आणि ती सीटवर. मग मनगट उचललं. स्टूल सुतळीला लटकत वर आलं, सीटमागे गेलं, दार बंद झालं. इतकं सफाईदार, की कितीदा केलं असेल हे बघणाऱ्याला सांगावं लागू नये. लुमीरने ते जन्मात पहिल्यांदा बघितलं.

तिने काच खाली केली. "टेक्सासला जाऊन आले मी अशी. प्रत्येक पंपावर. जेवायला थांबलो तिथे प्रत्येक ठिकाणी. तू तेव्हा बाजूचे आरसे नीट लावत असायचास."

लुमीरला आरसे आठवले. इंजिन सुरू करायचं, आरसे लावायचे, वळून बघावं तर अल्विना बसलेली. ती बसते कशी हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता, जसा सूर्य कसा उगवतो हा पडत नाही.

"अगं मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. ट्रक घेतला त्याच दिवशी. तिथे उभी राहून म्हटलं, 'उंच आहे.'"

लुमीरला तेही आठवलं. त्यावर आपण काय म्हणालो तेही आठवलं. 'हो ना!' म्हणाला होता तो, छाती पुढे काढून, आणि त्या विक्रेत्यानेही मान डोलावली होती. होलूबातल्या कुठल्याही बाईने यापेक्षा जास्त आरडाओरडा काय करायचा असतो?

"मग एप्रिलमध्ये स्टूल नाहीसं झालं," अल्विना समोर बघत म्हणाली. "मला वाटलं, तूच काढलंस. मुद्दाम."

"मुद्दाम कशाला काढीन मी?"

"चर्चपुढे, हॉलपुढे, सगळ्या गावादेखत म्हातारी स्टूल मांडून चढते. नव्या कोऱ्या ट्रकात. तुला लाज वाटली असेल, म्हटलं. तोंडाने बोलवत नसेल, म्हणून नुसतं काढून टाकलं. आपण तरी कुठे सरळ बोलतो? म्हटलं जाऊ दे. नाही जायचं. आणि तूही काही विचारलं नाहीस, मग माझी खात्रीच झाली."

लुमीर ताटली हातात धरून उभा होता. काय करावं ते कळत नव्हतं, कारण यात खोलायला काहीच नव्हतं. सगळा उन्हाळा ही बाई खिडकीशी बसून आपल्या नवऱ्याला आपली लाज वाटते असं समजत होती, आणि तो शेवटी तिच्याच स्टुलावर बसून तिच्यासाठी पाट्यांना रंग देत बसला होता. त्याला स्वतःची अशी शरम आयुष्यात वाटली नव्हती.

"मला वाटलं," तो कसाबसा म्हणाला, "तू परातीवरून रागावलीस."

"कुठली परात?"

"आईची. ओक्लाहोमात फुटली ती."

"ती?" अल्विनाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "ती आईलाही आवडत नव्हती. जड मेली. मनगटं भरून यायची. फुटली तेव्हा मी म्हटलंच ना, असू दे."

लुमीर हसू लागला की रडू लागला हे पडद्याआडून बर्नडीनलाही नीट सांगता आलं नसतं. अल्विनाने खिडकीतून हात काढून ताटलीतली एक कोलाची उचलली, अर्धी मोडून त्याला दिली. दोघांनी तिथेच खाल्ली, ती वर, तो खाली.

जरा वेळाने त्याने विचारलं, "तुझा कंटाळा... म्हणजे माझा कंटाळा नाही ना आला तुला?"

"येतो की अधूनमधून," अल्विना म्हणाली. "पण तो टेक्सासमध्ये येतो तेव्हा निदान ऊन तरी असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लुमीर सोसायटीत गेला, कॉफीचा पेला भरला आणि टोळक्यासमोर उभा राहिला. "मी ट्रेलर खाली घेतोय."

कॉफीची किटली तेवढी गुरगुरत होती.

"अंडी तर फुटली नव्हती," शेवटी डार्विन म्हणाला.

"अंड्यांना घेऊन जायचं नाहीये मला टेक्सासला." मग त्याने सगळं सांगितलं. स्टूल, सुतळी, आरसे, सगळं. लपवायचं म्हटलं तरी बर्नडीनने रात्रीतच घरोघर पोचवलं होतं, पण त्याच्या तोंडून ऐकण्यात वेगळी मजा होती आणि टोळक्याने ती पुरेपूर घेतली. एर्विन एवढा हसला की त्याला पेला खाली ठेवावा लागला.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," तो डोळे पुसत म्हणाला. "ट्रक उंच होता, आणि आपण ट्रेलर उंच केला."

"नवे पाटे राहू देतो. चांगले आहेत. नुसते ॲक्सलच्या खाली घ्यायचे परत. ट्रक विकतो. बुटका घेतो."

"तो काळा? विकतोस?" डार्विनला खरंच धक्का बसला. "अरे, काय ताकद आहे त्याची!"

"ताकद आहे. बायको नाही त्यात."

डार्विनला यावर विज्ञानातलं काही आठवेना. एर्विन मात्र गंभीर झाला. "लेका, मी तेव्हाच विचारलं होतं, तिने बघितलंय का म्हणून."

"तू म्हणालास पाटे छान रंगवलेयत."

"तेच तर म्हणतोय!" एर्विन म्हणाला.

घडीच्या खुर्च्या पुन्हा शेडमध्ये आल्या. कष्टाने वर नेलेलं सगळं तितक्याच कष्टाने खाली आलं, आणि प्रेक्षक पहिल्यापेक्षा जास्त होते. लुमीरला बसायला स्टूल नव्हतं. ते घरी होतं. तो उलट्या बादलीवर बसला.

ट्रक बघायला ती दोघं तालुक्याच्या गावी गेली, बर्नडीनच्या छोट्या गाडीतून, कारण अल्विनाने काळ्या ट्रकात परत चढायला साफ नकार दिला. साफ म्हणजे, "आज गुडघा थोडा बोलतोय," असं म्हणाली, आणि लुमीर गेला आणि बर्नडीनकडून किल्ली मागून आला. शिकत होता.

विक्रेता तरुण होता आणि त्याला ओढण्याच्या ताकदीबद्दल बोलायचं होतं. लुमीरने खिशातून टेप काढला आणि जमिनीपासून सीटपर्यंत मोजू लागला. आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात अल्विनाने दारची चौकट धरून न दुखता जेवढा उचलतो तेवढा पाय उचलून दाखवला होता, आणि लुमीरने तेवढ्यावर टेपला पेन्सिलची खूण केली होती. विक्रेत्याने इंजिनाबद्दल सांगितलं. लुमीरने पुढचा ट्रक मोजला. विक्रेत्याने चढावाबद्दल सांगितलं. लुमीर म्हणाला, "टेक्सास सपाट आहे," आणि त्याच्या पुढचा मोजला.

रांगेच्या शेवटी एक जुना, मागच्या दोनच चाकांनी ओढणारा ट्रक उभा होता. रस्ते खात्याने वापरून काढून टाकलेला. दणकट, पण ठेंगणा. खूण बरोबर जुळली. हौद्याची उंचीही ट्रेलरच्या मानेला जमत होती. अल्विनाने दार उघडलं आणि बसली. नुसती बसली, खुर्चीवर बसावं तशी. पाय आत घेतले. समोर बघितलं.

"बुटका आहे," ती म्हणाली.

लुमीरने 'हो ना' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. खिडकीची चौकट धरून तो तिच्याकडे वाकला.

"म्हणजे बरा, की वाईट?" त्याने विचारलं.

असं सरळ अल्विनाला आजवर कुणी विचारलं नव्हतं, ना माहेरी, ना सासरी. "बरा," ती म्हणाली, आणि अजून काही म्हणायचं राहिलं असावं तशी तिने खिडकीबाहेर वाकून ट्रकच्या अंगावरून एकदा नजर फिरवली. रस्ते खात्याचाच रंग होता तो, भडक नारिंगी. "लांबूनही दिसेल," ती म्हणाली.

विक्रेता खूश झाला. "हो ना, मॅडम!"

लुमीरने टेप गुंडाळून खिशात टाकला आणि त्याच्याकडे वळला. "हा रंगवून द्यायला," तो म्हणाला, "किती दिवस लागतील?"